हेस्टिंग्जचं जुनं गाव पायी कसं पाहावं: दोन टेकड्या, दोन रस्ते आणि गायब झालेला ओढा

पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला घेऊन इंग्लंडमधलं समुद्रकाठचं गाव बघायला निघालं की काय होतं, ते मला हेस्टिंग्जला कळलं. मी बाबांना जुनी लाकडी घरं दाखवत होते आणि त्यांचं एकच चाललं होतं, "अगं, दोन्हीकडे टेकड्या, मधे खोरं, समोर समुद्र. मग ओढा कुठाय?"

मला माहीत नव्हतं. तसंही त्या दिवशी आमचं काहीच धड झालं नाही. स्टेशनवरून सरळ जॉर्ज स्ट्रीटला गेलो, जुन्या वस्तूंच्या दोन दुकानांत तास घालवला, किनाऱ्यावर बसून मासा आणि चिप्स घेतले, त्यातला अर्धा मासा सीगलने पळवला आणि टेकडीवर चढणाऱ्या लिफ्टच्या दारावर 'बंद' अशी पाटी होती. गाव बघितलं म्हणायचं, पण दिसलं काहीच नव्हतं.

ओढा होता, हे नंतर समजलं. त्याचं नाव बोर्न. आता तो डांबरी रस्त्याखालून नळातून वाहतो आणि त्या रस्त्याचंही नाव 'द बोर्न'च आहे. हे गाव ओढ्याच्या दोन काठांवर वसलं, म्हणून त्याला दोन मुख्य रस्ते: पश्चिमेला हाय स्ट्रीट, पूर्वेला ऑल सेंट्स स्ट्रीट. दोन्ही समांतर, दोन्ही समुद्राकडे उतरणारे, दोन्हींना एकेक जुनं चर्च. एवढा नकाशा डोक्यात पक्का बसला की हेस्टिंग्जचं ओल्ड टाऊन आपोआप उलगडतं. त्यानंतर मी बऱ्याच पाहुण्यांना तिथे नेलंय. लंडनहून सकाळी निघून रात्री घरी परतता येईल असा तो क्रम इथे लिहिते आहे.

निघण्याआधी

आधी १०६६चा घोळ मिटवू. नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंडचा राजा हॅरॉल्डला हरवलं ती प्रसिद्ध लढाई हेस्टिंग्जच्या नावाने ओळखली जात असली तरी झाली आतल्या बाजूला, सहा-सात मैलांवर. तिथे आज बॅटल याच नावाचं गाव आहे आणि लंडनची गाडी वाटेत तिथे थांबते. रणांगण बघायचं असेल तर तो वेगळा दिवस ठेवा, एका दिवसात दोन्ही केलंत तर दोन्ही अर्धवट होतं. दुसरा प्रश्न आपल्याकडचे पाहुणे हमखास विचारतात, तो वॉरन हेस्टिंग्जचा. तो ऑक्सफर्डशायरमध्ये जन्मला. या गावात त्याचा पुतळा शोधत फिरू नका.

जुन्या गावात जे दिसतं त्यातलं जवळजवळ काहीच विल्यमच्या काळातलं नाही, आणि त्याला कारणं आहेत. हेस्टिंग्ज हे सिंक पोर्ट्समधलं प्रमुख बंदर होतं. सिंक पोर्ट्स म्हणजे राजाला जहाजं पुरवून त्या बदल्यात सवलती मिळवणारी आग्नेय किनाऱ्यावरची बंदरं. मूळ शब्द फ्रेंच, अर्थ 'पाच', पण तिथले लोक उच्चार 'सिंक' असाच करतात. १२८७च्या प्रचंड वादळात किल्ल्याच्या कड्याचा काही भाग समुद्रात गेला, बंदर गाळाने भरत गेलं. मग १३३९ आणि १३७७ साली फ्रेंचांनी येऊन गाव जाळलं. त्यामुळे इथे उभ्या असलेल्या वास्तूंची खरी सुरुवात १३७७ नंतरची धरायची. एखाद्या पाटीवर त्याआधीचं साल दिसलं तर ते नीट वाचा, बहुतेक वेळा ते पायाचं किंवा आख्यायिकेचं असतं.

आता तयारी. लंडनच्या चेरिंग क्रॉसहून थेट गाडी आहे, पावणेदोन तासांच्या आसपास लागतात. व्हिक्टोरियाहूनही जाता येतं, ती वाट लांबची. भारतातून आलेले आई-बाबा साठीच्या पुढचे असतील तर पासपोर्ट दाखवून त्यांचं सीनियर रेलकार्ड काढा. त्यासाठी ब्रिटिश नागरिक असावं लागत नाही आणि तिकिटाचा एक तृतीयांश वाचतो. फक्त लंडनच्या पट्ट्यात कामाच्या दिवशी सकाळच्या गर्दीच्या वेळी ते चालत नाही, म्हणून जरा उशिराची गाडी धरा.

आदल्या रात्री घरी बसून अर्ध्या तासाचं एक काम करा. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ब्रिटनचे जुने सर्वेक्षण नकाशे फुकट बघता येतात, इंग्लंडचेसुद्धा. एका बाजूला एकोणिसाव्या शतकातला हेस्टिंग्जचा नकाशा, दुसऱ्या बाजूला आजचं उपग्रह छायाचित्र, असं शेजारी शेजारी लावता येतं. आज जिथे द बोर्न हा रुंद रस्ता आहे तिथे जुन्या नकाशात घरांची दाटी दिसेल. हे घरी बघून गेलात की तिथे उभं राहिल्यावर काय हरवलंय ते कळतं. इंग्लंडच्या संरक्षित वास्तूंची अधिकृत यादीही नकाशासकट फुकट आहे. एखादं घर आवडलं की फोनवर त्याची नोंद उघडून साल ताडून बघायचं.

बूट रबरी तळव्याचे घाला. जुन्या पायऱ्या झिजून मधे खोलगट झालेल्या आहेत आणि पावसात शेवाळतात. या संपूर्ण फेरीत चढ-उतार टळत नाही. चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी असेल तर टेकड्यांचा नाद सोडा आणि फक्त जॉर्ज स्ट्रीट, हाय स्ट्रीटचा खालचा भाग आणि किनारा एवढंच करा. तेवढ्यातही दिवस छान जातो.

दिवस निवडताना एक गोष्ट लक्षात ठेवा. मेच्या सुरुवातीच्या लांब सुट्टीत इथे जॅक इन द ग्रीनचा उत्सव असतो. पाना-फुलांनी मढवलेला 'जॅक' ढोल-ताशांच्या गजरात गावभर फिरतो, लोक अंगाला हिरवा रंग फासतात. १९८३ साली ही परंपरा पुन्हा सुरू झाली. बघण्यासारखीच आहे, पण त्या दिवशी घरं दिसत नाहीत, फक्त माणसं दिसतात. वास्तू बघायच्या तर साधा मंगळवार-बुधवार घ्या.

पहिला टप्पा: आधी वर, मग खाली

स्टेशनवरून समुद्राच्या दिशेने चालत सुटा. पंधरा-वीस मिनिटांत डाव्या हाताला कड्याच्या पोटात बसवलेली पांढऱ्या घरांची अर्धवर्तुळाकार रांग लागते. ही पेलहॅम क्रेसेंट, जोसेफ के या वास्तुविशारदाने १८२०च्या दशकात कडा कापून बांधलेली, मधोमध चर्चसह. समुद्रस्नानाची फॅशन आली तेव्हाच्या श्रीमंत पाहुण्यांसाठीचं हे हेस्टिंग्ज. दोन मिनिटं बघा आणि पुढे चला. हे जुनं गाव नव्हे, त्याच्या वेशीवरचं नवं गाव आहे.

पुढे जॉर्ज स्ट्रीट. इथेच आम्ही पहिल्यांदा अडकलो होतो. गाड्यांना बंदी असलेली, दुकानांनी आणि पबांनी भरलेली ही गल्ली गोड आहे, पण ती संध्याकाळसाठी राखून ठेवा. आत्ता फक्त वेस्ट हिल लिफ्टचं दार शोधायचं. १८९१ सालची ही उतरत्या रुळांवरची गाडी बराचसा प्रवास बोगद्यातून करते. हिवाळ्यात वेळा कमी असतात आणि दुरुस्तीसाठी ती मधूनमधून बंदही असते, म्हणून सकाळीच चौकशी करून घ्या. बंद असेल तर बाजूच्या पायऱ्या आहेतच, धाप लागेल एवढंच.

वर आल्यावर किल्ल्याचे अवशेष एका बाजूला दिसतील. विल्यमने आल्या आल्या बांधलेला लाकडी किल्ला आणि नंतरचा दगडी, पण आज उरलंय थोडंच. वेळ कमी असेल तर बाहेरून बघूनच पुढे जा. आपल्याकडचे डोंगरी किल्ले पाहिलेल्या माणसाला हा छोटाच वाटणार. इथून जवळच सेंट क्लेमेंट्स गुहा आहेत. दुसऱ्या महायुद्धात लोक हवाई हल्ल्यांपासून तिथे आसरा घेत. बरोबर लहान मुलं असतील तर ती तिथे जायचा हट्ट धरतील, नसतील तर मी थांबत नाही.

थांबायचं ते पूर्वेकडच्या कड्यावर. समोर ईस्ट हिल, मधे खोरं, खोऱ्यात लाल कौलांची गर्दी, दोन चर्चांचे मनोरे आणि उजवीकडे समुद्र. पाहुण्यांना इथे विचारा, ओढा कुठून वाहत असेल? घरांच्या गर्दीत एक सरळ, रुंद, अगदी विसंगत पट्टा दिसतो आणि त्यावरून मोटारी धावत असतात. तोच. सकाळी मात्र ऊन तोंडावर येतं. फोटोंचा हट्ट असेल तर ही फेरी उलटी करा, इथे दुपारनंतर पोचा.

दुसरा टप्पा: बोळातून उतरणं आणि घर वाचणं

वरून क्रॉफ्ट रोडच्या बाजूने पायऱ्यांनी उतरायचं. ससेक्समध्ये, म्हणजे हेस्टिंग्ज ज्या परगण्यात येतं तिथे, दोन भिंतींच्या मधल्या अरुंद वाटेला 'ट्विटन' म्हणतात. आपला 'बोळ' तंतोतंत. सिनॉक स्क्वेअर हे नाव भव्य चौकाचं वाटतं, आहे तो हाय स्ट्रीटला लागून असलेला एक बोळच. या बोळांतून शिरायचा माझा आग्रह हौसेचा नाही, त्याला कारण आहे. जुन्या गावातल्या घरांचे दर्शनी भाग खोटं बोलतात. खरं काय ते बाजूची भिंत आणि मागचं अंगण सांगतं.

अठराव्या शतकात जुनाट लाकडी घर असणं मागासलेपणाचं समजलं जाऊ लागलं. पण घर पाडून नवं बांधायला पैसा लागतो. मग लोकांनी शक्कल काढली. मागचं पंधराव्या-सोळाव्या शतकातलं लाकडी घर तसंच ठेवलं आणि रस्त्याच्या बाजूने विटांचा किंवा गिलाव्याचा नवा, सपाट, सममित चेहरा चढवला. हाय स्ट्रीटवर समोरून तुम्हाला रांगेत उभी असलेली जॉर्जियन घरं दिसतील. बोळात शिरून वर बघा. छपराची उतरण अचानक तीव्र होते, भिंत वाकडी, मजल्यांची उंची खिडक्यांशी जुळत नाही. पुण्याच्या पेठांत काँक्रीटच्या दर्शनी दुकानामागे वाड्याचा चौक सापडतो, तसंच हे.

घर वाचायला शिकायचं असेल तर नजर खालून वर न नेता वरून खाली आणा. दुकानांच्या पाट्या, रंग, काचा सगळं तळमजल्यावर बदलत राहतं, वरचे मजले आणि छप्पर मात्र फारसं कुणी हलवत नाही. वरचा मजला खालच्या मजल्यापेक्षा रस्त्यावर पुढे आलेला दिसला तर ते लाकडी सांगाड्याचं जुनं घर. मजल्याच्या तुळया भिंतीबाहेर काढून त्यावर पुढची भिंत उभी केलेली असते, आपल्या सज्जासारखी, फक्त इथे सज्ज्यावर पूर्ण खोली चढते. काही घरांत नंतर कुणीतरी खालची भिंत पुढे ओढून हा झोक झाकून टाकलेला असतो. तेव्हा आत डोकावलं तर छताला एक मोठी तुळई उगाच मधेच आडवी आलेली दिसते. तिथेच जुनी भिंत होती.

मग भिंतीचं साहित्य. आडव्या, एकावर एक चढवलेल्या फळ्या, किंवा भिंतीवर टांगलेली माशाच्या खवल्यांसारखी लाल कौलं ही दोन्ही पावसापासून लाकडी सांगाडा वाचवण्याची पांघरुणं. ससेक्सची खरी गंमत म्हणजे खोट्या विटा. खालून हुबेहूब वीटकाम दिसतं, पण असतात त्या खास घडवलेल्या कौलाच्या चकत्या, फळीवर ठोकून मधे चुना भरलेल्या. कोपरा बघा. विटेची जाडी कोपऱ्यावर वळते, चकतीला जाडीच नसते, त्यामुळे तिथे बहुधा लाकडी पट्टी लावून शिवण लपवलेली असते. १७८४ ते १८५० या काळात विटांवर कर होता, तो चुकवायला ही युक्ती निघाली असं बरेच वाटाडे सांगतात. पटत नाही, कारण त्याच काळात बरीच वर्षं कौलांवरही कर होता. कमी वजनात, कमी खर्चात नव्या फॅशनचा चेहरा मिळत होता, एवढं कारण पुरेसं आहे.

बुजवलेल्या खिडक्यांचंही तेच. १६९६ ते १८५१ इंग्लंडमध्ये खिडक्यांवर कर होता आणि तो वाचवायला लोकांनी खिडक्या चिणल्या, हे खरं. पण प्रत्येक बुजलेली खिडकी कराची नसते. दर्शनी भाग दोन्ही बाजूंनी सारखा दिसावा म्हणून काही पहिल्यापासूनच खोट्या बांधल्या जात. आतल्या बाजूला चुलीचा धुराडा असेल तर तिथे खरी खिडकी कधी नव्हतीच.

आणि काळ्या लाकडी पट्ट्या, मधे पांढरा गिलावा दिसला की लगेच 'ट्यूडर', म्हणजे सोळाव्या शतकाच्या आसपासचं, म्हणू नका. विसाव्या शतकात इंग्लंडभर असली सजावट चिकटवली गेली. खरी तुळई हाताने तासलेली, वेडीवाकडी, जाडजूड असते, लाकडी खुंट्यांनी जोडलेली. नकली पट्ट्या सरळ, पातळ आणि एकसारख्या. शिवाय या भागात खरं लाकूड बऱ्याचदा काळं नसतंच, करड्या रंगाचं ओक असतं.

तिसरा टप्पा: सेंट क्लेमेंट्स आणि हाय स्ट्रीट

क्रॉफ्टच्या खालच्या टोकाला सेंट क्लेमेंट्स चर्च. १३७७च्या जाळपोळीनंतर ते नव्याने बांधलं. मनोऱ्यावर, खिडकीच्या दोन्ही बाजूंना, दोन तोफगोळे बसलेले दिसतील. एक खरोखरच समुद्रातून झालेल्या माऱ्यात भिंतीत रुतला आणि दुसरा नंतर केवळ तोल साधावा म्हणून लावला, असं गावकरी सांगतात. हल्ल्याच्या खुणेलासुद्धा सममिती हवी, हे अठराव्या शतकाला शोभेलसंच.

चित्रकार-कवी दान्ते गॅब्रिएल रोझेटी आणि एलिझाबेथ सिडल यांचं लग्न याच चर्चमध्ये २३ मे १८६० रोजी झालं. चर्चसमोर एक छोटी बाग दिसेल. तिथे स्वॅन नावाचा जुना पब होता. तो एका रविवारी जर्मन बॉम्बने उडाला, आत बसलेली माणसं गेली. ती तारीख २३ मे १९४३. बाकावर बसून एकदा चर्चकडे आणि एकदा बागेच्या रिकाम्या जागेकडे बघा. आमच्या आईला अख्ख्या गावात हीच जागा सगळ्यात लक्षात राहिली.

आता हाय स्ट्रीट चढायला लागा. एका बाजूची पायवाट रस्त्यापेक्षा बरीच उंच आहे, कठडा लावलेली. खोऱ्याच्या उताराला घरं बसवली की रस्ता आणि उंबरा यांची पातळी जुळत नाही, त्यामुळे ही ओट्यासारखी पायवाट. तिच्यावरूनच चाला, समोरच्या घरांचे वरचे मजले नजरेच्या टप्प्यात येतात.

या रस्त्याच्या वरच्या टोकाला अठराव्या शतकातलं ओल्ड हेस्टिंग्ज हाऊस आणि त्याचा घोड्यांचा तबेला आहे. तबेल्याचं आता स्टेबल्स नावाचं नाटकघर झालंय. इथवर आलं की मी पाहुण्यांना एक गोष्ट सांगते, कारण ती खरोखर आपल्याशी जोडलेली आहे. १८०३ साली आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजांचा पराभव करणारा आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, भारतातून परतल्यावर १८०६च्या सुमारास हेस्टिंग्जला एका ब्रिगेडचा प्रमुख म्हणून होता. समोर नेपोलियनचा धोका. भारतात मोठमोठ्या फौजा चालवलेल्या माणसाला एवढंसं काम कसं काय चालतं, असं त्याला कुणीतरी विचारलं. तो म्हणाला म्हणतात, "पूर्वेकडे म्हणतात तसा मी नमकवाला आहे, राजाचं मीठ खाल्लंय." असईच्या रणात मेलेल्यांचा हिशेब मनात ठेवूनही, खाल्ल्या मिठाला जागणं ही कल्पना तो आपल्याकडूनच घेऊन गेला, याची मला दरवेळी गंमत वाटते.

चौथा टप्पा: द बोर्न ओलांडणं

हा टप्पा दोन मिनिटांचा आणि कर्कश. वॉटर्लू पॅसेजसारख्या एखाद्या बोळातून उतरून हा रस्ता ओलांडायचा. पायाखाली ओढा आहे. १९३०च्या दशकात गलिच्छ वस्ती हटवण्याच्या नावाखाली इथली घरं पाडायला सुरुवात झाली आणि १९६०च्या दशकात हा मोठा रस्ता आला. दोन काठांना जोडणाऱ्या गल्ल्या मधेच तुटल्या. वाहतूक गावाबाहेरून वळवायला हवी होती, असं मला दरवेळी सिग्नलपाशी थांबल्यावर वाटतं. बाबांचं मत वेगळं पडलं. ते म्हणाले, "ओढ्यावरच्या घरांत दर पावसाळ्यात पाणी शिरलं असणार. तुला उभ्या उभ्या बोलायला काय जातंय?"

पाचवा टप्पा: ऑल सेंट्स, चर्च आणि रस्ता

वरच्या टोकाला ऑल सेंट्स चर्च, पंधराव्या शतकातलं. उघडं असेल तर आत जाच. मुख्य कमानीच्या वर अंतिम न्यायाचं भित्तिचित्र आहे, पुण्यवानांचं काय होणार आणि पाप्यांचं काय, हे निरक्षरांनाही कळावं म्हणून रंगवलेलं. पुढे ते चुन्याखाली झाकलं गेलं आणि एकोणिसाव्या शतकातल्या डागडुजीत पुन्हा उजेडात आलं. डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबा, लगेच काही दिसत नाही. मनोऱ्यात घंटा वाजवणाऱ्यांसाठी १७५६ सालची पद्यात लिहिलेली नियमावली आहे. घंटा उलटी पाडलीत तर जाताना एक ग्रोट, म्हणजे चार पेन्स, दंड भरून जा, अशी तिची धमकी.

या चर्चचा सगळ्यात कुप्रसिद्ध माणूस टायटस ओट्स. त्याचे वडील इथे धर्मगुरू होते आणि तो त्यांच्या हाताखाली मदतनीस. इथल्याच एका शिक्षकावर खोटा आरोप केल्याने त्याला गाव सोडावं लागलं. पण सवय सुटली नाही. १६७८ साली त्याने राजाच्या खुनाचा कॅथलिक कट रचला गेल्याची संपूर्ण बनावट कथा पसरवली आणि त्यापायी निरपराध माणसं फासावर गेली.

चर्चवरून समुद्राकडे ऑल सेंट्स स्ट्रीट उतरायला लागा. घाई करू नका, हा गावातला सर्वांत जुना दिसणारा रस्ता आहे. हाय स्ट्रीटसारखे नवे चेहरे चढवायला इथल्या लोकांकडे पैसे नव्हते, हा कोळ्यांचा आणि कारागिरांचा काठ. म्हणून पुढे झुकलेले लाकडी मजले इथे उघडेच राहिले. गरिबीने जपलेला वारसा. शोव्हेल्स नावाचं घर त्यातलं मुख्य, साधारण १४५०च्या सुमाराचं. नौसेनापती सर क्लाउड्सली शोव्हेल यांची आई इथे राहत असे, असं परंपरा सांगते. ते स्वतः मात्र नॉरफोकचे. त्यामुळे नावावर विसंबू नका, लाकडावर विसंबा: पुढे आलेल्या मजल्याखालच्या तुळयांची टोकं मोजा, खिडकीच्या चौकटी किती तिरक्या झाल्यात ते बघा.

जवळच्या एका बोळात स्टार्स कॉटेजेस नावाच्या जागी एक चिमुकलं त्रिकोणी, पिवळं घर आहे. लोक त्याला चीजचा तुकडा म्हणतात. एकोणिसाव्या शतकातलं, म्हणजे शेजाऱ्यांच्या मानाने पोरच. स्टॅग इन या पबमध्ये काचेच्या पेटीत वाळलेल्या मांजरी ठेवल्या आहेत, धुराड्यात सापडलेल्या. घरावर वाईट नजर पडू नये म्हणून मांजर भिंतीत चिणायची प्रथा इंग्लंडात होती. लिंबू-मिरची यापेक्षा बरी, असं आई म्हणाली आणि बाहेर जाऊन उभी राहिली.

एक सांगायलाच हवं. ही घरं संग्रहालय नाहीत, यांत माणसं राहतात. खिडक्या रस्त्याला लागून, खांद्याच्या उंचीवर. काचेला नाक लावून आत बघणं, उंबऱ्यावर बसून फोटो काढणं टाळा. कुणी दारात उभं असेल तर हसून घराबद्दल विचारा. निम्म्या वेळा ते आपणहून गोष्ट सुरू करतात.

सहावा टप्पा: काळी घरं

टॅकलवे हा रस्ता ऑल सेंट्स स्ट्रीटच्या वरून, ईस्ट हिलच्या कुशीतून जातो. तिथून टॅमरिस्क स्टेप्सने खाली उतरलात की थेट किनाऱ्यालगतच्या रॉक-ए-नोर भागात पोचता. पायऱ्यांच्या मधोमध थांबा. खाली काळ्या लाकडी मनोऱ्यांची रांग दिसते, तीन मजली, सडपातळ, एकमेकांना चिकटून उभी. जगात दुसरीकडे असं काही मी पाहिलेलं नाही.

ही नेट शॉप्स. 'शॉप' म्हणजे इथे दुकान नव्हे, कोठार. प्रत्येकाचा पाया जेमतेम आठ-नऊ फूट लांब-रुंद. इतकी उंच का? एकेकाळी समुद्र कड्याच्या अगदी पायथ्यापर्यंत येई आणि किनाऱ्याची पट्टी चिंचोळी होती. कोळी कुटुंबं बरीच. १८३०च्या दशकात किनाऱ्यावर गोट्यांची भर पडून थोडी जागा झाली तेव्हा त्यांना ओळीने छोटे छोटे तुकडे दिले गेले. रुंदीला वाव नाही म्हणून ती वर गेली. काळा रंग डांबराचा, खाऱ्या वाऱ्यापासून लाकूड टिकावं म्हणून.

बहुतेक वाटाडे सांगतात की आत जाळी वाळत घालत. चूक. त्या काळी जाळी, दोर, शिडं सगळं सुताचं, तागाचं, अंबाडीचं. ओलं ठेवलं तर कुजणार. म्हणून ती आधी बाहेर वाळवून मग कोरडी राहावीत म्हणून या कोठारात ठेवत. समोरच्या दारांतून वरच्या मजल्यांवर चढवायची. नायलॉन आल्यावर गरज संपली, पण कोठारं उरली.

त्यांच्या मागे किनाऱ्याला स्टेड म्हणतात, जुन्या सॅक्सन भाषेत उतरण्याची जागा. बंदरच नसल्याने इथल्या होड्या आजही गोट्यांच्या किनाऱ्यावरून समुद्रात ढकलल्या जातात आणि परत आल्यावर यंत्राने वर ओढल्या जातात. किनाऱ्यावरून थेट सुटणारा युरोपातला सर्वांत मोठा मासेमारी ताफा हा मानला जातो. होड्यांवर 'आरएक्स' अशी अक्षरं दिसतील, ती राय बंदराच्या नोंदणीची. कोकणात रापणीची होडी वाळूवर ओढताना पाहिली असेल त्याला इथे घरच्यासारखं वाटतं, फक्त "हैया हो"च्या जागी बुलडोझरची घरघर.

मच्छीमार संग्रहालयात जायचंच, प्रवेश फुकट आहे. १८५४ साली कोळ्यांसाठी बांधलेल्या सेंट निकोलस चर्चमध्ये १९५६ला ते सुरू झालं. आत १९१२ साली बांधलेली एंटरप्राइज ही शिडाची अख्खी होडी उभी आहे. ती आत यावी म्हणून चर्चची भिंत फोडावी लागली. शेजारच्या जहाजबुडी संग्रहालयात ॲम्स्टरडॅम या डच जहाजाची कहाणी कळते. वेंगुर्ल्याला ज्यांची वखार होती त्याच डच कंपनीचं हे जहाज पूर्वेला निघालं आणि १७४९ साली इथून जवळच बुलव्हरहाइदच्या वाळूत रुतलं. मोठ्या ओहोटीला त्याचा सांगाडा अजून दिसतो.

खाणं इथेच करा. कोळ्यांच्या टपऱ्यांवर त्या दिवशीचा मासा मिळतो. सोल, प्लेस, बांगड्याचा भाऊबंद मॅकरेल. चिप्स घेतलेत तर भिंतीला पाठ लावून, छपराखाली बसा. सीगल मागून येतो.

शेवटी ईस्ट हिल

१९०२ सालची ईस्ट हिल लिफ्ट ब्रिटनमधली सर्वांत तीव्र चढाची रुळगाडी मानली जाते. वरच्या स्थानकाचे किल्ल्यासारखे दोन बुरूज शोभेचे नाहीत, त्यांत पाण्याच्या टाक्या होत्या. वरच्या डब्यात पाणी भरायचं, तो जड होऊन खाली यायचा आणि खालच्याला वर ओढायचा. पुढे ती विजेवर आली. बाबांनी इथे अर्धा तास काढला, टाकीचं आकारमान आणि डब्याचं वजन यांचा हिशेब पाकिटाच्या मागे मांडत.

उतरल्यावर जॉर्ज स्ट्रीटकडे जाताना विंकल आयलंडवर एका प्रचंड समुद्री गोगलगाईचा पुतळा लागतो. १९००मध्ये गरीब मुलांच्या मदतीसाठी स्थापन झालेल्या विंकल क्लबचं ते चिन्ह. चर्चिलसुद्धा सभासद होते. नियम असा की दुसऱ्या सभासदाने "विंकल अप!" असं म्हटलं की खिशातला शिंपला काढून दाखवायचा, नसेल तर दंड. बाबांनी टपरीवरून विंकलचा एक रिकामा शिंपला मागून घेतला आणि कोटाच्या खिशात टाकला. तो कोट आता पुण्यात कपाटात आहे, शिंपल्यासकट. तिथे अजून तरी त्यांना कुणी अडवलेलं नाही.